ब्रेकवरची गुलाबी रेघ

स्प्रिंग उडाली ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, आणि पडली ती थेट तळमजल्यावर, कुणाच्या तरी जबड्यात.

म्हणजे जबड्याच्या साच्यात. पण हे तिला कळायला पाच मिनिटं लागली. तोवर ती गुडघ्यांवर रांगत मावशीच्या कुंड्यांखाली हात घालत होती. मागे जुन्या चादरीवर बाबांच्या मोटारसायकलचं एबीएस युनिट पोट उघडं टाकून पडलं होतं. मुठीपेक्षा थोडा मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याच्या एका अंगाला छोटीशी मोटर. ब्रेक करकचून दाबला तरी चाक अडकून गाडी घसरू नये, म्हणून हा ठोकळा ब्रेकचा दाब भराभर सोडतो आणि पुन्हा धरतो. धडधाकट असला तर! बाबांचा गुडघा गेल्यापासून गाडी तीन वर्षं एका जागी उभी होती आणि आतल्या ब्रेक ऑइलचा पार डिंक झाला होता.

दाराची बेल वाजली.

दारात एक उंच, चष्मेवाला तरुण उभा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरेफटक. तळहातावर प्लास्टरचा एक जबडा, आणि त्या जबड्यात बरोबर दाढेच्या जागी तिची स्प्रिंग ताठ उभी.

"ही तुमची का?"

"स्प्रिंग माझी," ती म्हणाली. "दात माझे नाहीत."

"दात एका निवृत्त मुख्याध्यापकांचे आहेत. साचा अंगणात वाळत ठेवला होता. आता अशीच कवळी दिली, तर बोलता बोलता उड्या मारतील."

तिला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसताना चष्मा सावरायला गेला, तर नाकावर पांढरा ठिपका उमटला. तो ठिपका त्याला दाखवावा की राहू द्यावा, या विचारात ती दोन क्षण जास्तच बघत राहिली. राहू दिला.

तो खाली दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. ती वर मावशीकडे राहायची आणि पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात तपासनीस होती. एकाच इमारतीत दोन वर्षं राहून ओळख नव्हती, ती त्या एका स्प्रिंगनं करून दिली.

"इतका डिंक हातानं नाही निघायचा," चादरीवरचा पसारा बघून तो म्हणाला. "माझ्याकडे कवळ्या धुवायचं यंत्र आहे. पाण्याला असं बारीक थरथरवतं की कोपऱ्यातलंही निघतं. आणा खाली."

"पाणी नको. पाणी राहिलं तर आत गंजेल. स्पिरिट चालेल."

"स्पिरिट तर स्पिरिट. मात्र बाईसाहेब, स्प्रिंगा बांधून आणा."

अशी ती खाली गेली, आणि पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी जातच राहिली.

घाई तिला होती, आणि खरोखरची होती. एक तारखेला, सोमवारी, तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. बढती होती. सहा तासांचा रस्ता बाबांच्या गाडीवरून जायचा, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. लहानपणी ती याच गाडीच्या टाकीवर बसून वाऱ्याला तोंड द्यायला शिकली होती. पण सर्व्हिस सेंटरवाल्यानं 'युनिट नवंच टाका' म्हणून हात झटकले, तेव्हा बाबांनी फोनवर सांगितलं, "नाही जमलं तर विकून टाकू. गिऱ्हाईक आहे." मावशीनं त्यावर आपलंही एक कलम जोडलं. ब्रेक पक्का लागेपर्यंत आणि मीटरवरचा एबीएसचा पिवळा दिवा विझेपर्यंत पोरगी फाटकाबाहेर जाणार नाही! जायचंच असेल तर बस आहे. गाडीची चावी मावशीनं कवळीवाल्याच्या खिळ्याला टांगली. हिच्यापेक्षा तो शहाणा वाटतो, म्हणाली.

तो हसऱ्या कवळ्यांची रांग बाजूला सारून टेबल रिकामं करायचा. ती एकेक पिस्टन, एकेक झडप चिमट्यानं उचलून यंत्रात सोडायची. यंत्र गुणगुणायला लागलं की स्पिरिटमध्ये तपकिरी धूर उठायचा.

"तुमचे हात थरथरत नाहीत," तो एकदा म्हणाला.

"कारखान्यात मला रेघवाली म्हणतात. प्रत्येक घट्ट केलेल्या नटावर रंगाची रेघ ओढायची, नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत. सरळ. नट नंतर कुणी हलवला तर रेघ मोडते, लगेच कळतं."

"म्हणजे तुमच्यापासून काही लपत नाही?"

"नटाचं तरी नाही."

तो पुढे काहीतरी बोलणार होता… पण मग त्यानं उगाचच एक दाढ घासायला घेतली.

नवे रबर आले, तांब्याचे नवे वायसर आले. युनिट जुळलं, गाडीवर चढलं, चारही नळ्या आपापल्या जागी लागल्या. दिवा विझायचा तो पुढे गाडी चालवल्यावरच, त्याआधी उरलं होतं फक्त नळ्यांमधली हवा काढणं. हे काम एकट्याचं नाही. एकानं हँडलवरचा लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा छोटा नट उघडायचा. ऑइलबरोबर बुडबुडे निघतात. नट बंद झाला की मगच लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा आत जाते आणि मुसळ केरात.

"दाबा," तो चाकाशी बसून म्हणायचा. "धरा… धरा… सोडा."

पहिल्या संध्याकाळी बुडबुडे संपले. लिव्हर घट्ट झाला. दुसऱ्या संध्याकाळी बघावं तर पुन्हा स्पंजासारखा मऊ! पुन्हा दाबा, धरा, सोडा. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मावशी गॅलरीतून खाली वाकून म्हणाली, "त्या ब्रेकपेक्षा तुमच्या गप्पांतच हवा जास्त आहे."

ती लाजली आणि लाज लपवायला तिनं सगळे जोड टिश्यू पेपरनं पुसून बघितले. कोरडे ठणठणीत. गळत काहीच नव्हतं, मग हवा शिरते कुठून? शुक्रवार उजाडला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. रविवारी निघायचं होतं. बाबांनी गिऱ्हाइकाला रविवार दुपारचीच वेळ दिली होती.

त्या संध्याकाळी तो कवळी पोचवायला गेला असताना तिनं मावशीचं गुलाबी नेलपॉलिश आणलं आणि प्रत्येक जोडावर, प्रत्येक नटावर एक बारीक, सरळ रेघ ओढली. कुठला नट आपोआप ढिला होतो ते तरी कळेल.

शनिवारी सकाळी चहाही न घेता ती खाली उतरली. वरचे जोड शाबूत. नळ्या शाबूत. आणि पुढच्या चाकाजवळच्या हवेच्या नटावर… रेघ मोडलेली.

ती मांडी घालून खालीच बसली. ऑइल लागून रंग विरघळला असता तर तो पसरला असता. हा पसरला नव्हता. अर्धी रेघ नटावर, अर्धी खाली, मध्ये बोटभर नाही पण गव्हाएवढं अंतर. नट आपोआप ढिला झाला नव्हता, कुणीतरी उघडून पुन्हा नीट आवळला होता. पलीकडे आठ नंबरचा पाना पडला होता. त्याच्यावर बोटांचे पांढरे ठसे होते.

तेवढ्यात तो दोन कप चहा घेऊन आला. तिच्याकडे बघितलं, नटाकडे बघितलं, आणि तिथंच थबकला.

"कोणी उघडला?"

"मी."

"रोज?"

"रोज. तुम्ही वर गेल्यावर."

"अहो, ब्रेक आहे तो! कवळी नाही, सैल झाली तर पुन्हा बसवायला!"

"चावी माझ्याकडे होती. तुम्ही गाडीवर बसायला निघाला असता, तर मी आधी चाकाखाली झोपलो असतो." त्यानं कप पायरीवर ठेवले. "ब्रेक झाला की तुम्ही जाणार होता. मला दुसरं काही सुचलं नाही. वाईट सुचलं… पण तेवढंच सुचलं."

"आणि उद्या बाबा गाडी विकणार आहेत, हे नाही सुचलं?"

त्याचा चेहरा इतका पडला की तिचा राग अर्ध्यातच डळमळला. "विकणार? उद्या? मला वाटलं, फार तर तुमचं जाणं पुढे ढकललं जाईल…"

"तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"दिवसभर लोकांची तोंडं दुरुस्त करतो," तो हळूच म्हणाला. "माझंच उघडत नाही."

तिला संताप आला होता, आणि त्या संतापाच्या तळाशी कुणीतरी गुदगुल्या करत होतं. हे दोन्ही एकदम कसं होऊ शकतं, याचाही तिला राग आला. तिनं पाना उचलला आणि चाकाशी बसली.

"आज तू दाबायचं. उघडणार मी."

'तू' कधी आलं ते तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं. त्यानं मुकाट्यानं लिव्हर धरला.

"दाब," ती म्हणाली. "धर… धर… अजून धर. हात दुखतोय?"

"हो."

"दुखू दे."

शेवटचा बुडबुडा निघाला. नट आवळून तिनं नवी रेघ ओढली. लिव्हर दगडासारखा घट्ट.

चावी तिनं स्वतः खिळ्यावरून काढली. अंगणातच गाडी थोडी पुढे नेली, तसा पिवळा दिवा लुकलुकला आणि विझला. दोघं शाळेमागच्या खडीच्या मैदानावर गेले. ती पुढे, तो मागे. मग तिनं वेग घेतला आणि खडीवर मुद्दाम ब्रेक करकचून दाबला. लिव्हर तिच्या बोटांखाली टकटक टकटक थरथरला, चाक अडकलं नाही, गाडी सरळ रेषेत थांबली. तिचा जीव भांड्यात पडला. त्याचं नाक तिच्या खांद्यावर आपटलं.

"बुधवारी," ती पुढे बघतच म्हणाली, "लिव्हर बराच घट्ट लागला होता. मीच म्हणाले, अजून थोडा मऊ आहे."

नाक चोळणारा त्याचा हात थांबला. "म्हणजे आपण दोघं…"

"मला तू आवडतोस. पण परत कधी ब्रेकला हात लावलास तर तुझे दात तुलाच बनवावे लागतील."

रविवारी सकाळी बाबांनी फोनवर गाडीचा आवाज ऐकला आणि गिऱ्हाइकाला नको कळवलं. मावशीनं डोळे पुसत फाटक उघडलं. तिनं हेल्मेट घातलं, आणि मग काहीतरी आठवून खिशातून ती गुलाबी बाटली काढली.

"हात दे. डावा."

त्याच्या करंगळीला आपली करंगळी चिकटवून तिनं दोन्ही करंगळ्यांवरून एक रेघ ओढली. सरळ. मग फुंकर मारून वाळवली आणि हात सोडवला. अर्धी रेघ त्याच्याकडे राहिली, अर्धी तिच्याकडे.

"शनिवारी जुळवून बघू," ती म्हणाली.

"माझे हात दिवसभर प्लास्टरमध्ये असतात! टिकणार कशी?"

"ते तुझं तू बघ."

शनिवारी संध्याकाळी ती नव्या शहरातल्या बसस्टँडवर गाडी लावून उभी होती. बसमधून माणसं उतरत होती, आणि उतरता उतरता मागे वळून बघत होती. कारण त्यांच्यामागून एक उंच, चष्मेवाला तरुण येत होता. उजव्या हातात पिशवी, आणि डाव्या हातात कोपरापर्यंत चढवलेला पिवळा रबरी हातमोजा.

"सहा दिवस काढला नाही?" तिचं हसू थांबेना.

"अंघोळीलासुद्धा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, डॉक्टरला दाखव."

तिनं त्याचा हात धरला आणि मोजा हळूहळू सोलून काढला. बोटं घामानं सुरकुतली होती. करंगळीवर गुलाबी रेघ जशीच्या तशी होती. तिनं आपली करंगळी शेजारी लावली, आणि तपासनिसाच्या नजरेनं, डोळे बारीक करून, नीट बघितलं.

"जुळतेय," ती म्हणाली. "बस मागे."