आग्रहांक

भारतीय सौर कार्तिक १८, शके १९९३, म्हणजेच ९ नोव्हेंबर २०७१. स्थळ : कोरेगाव, जिल्हा सातारा, एका शुश्रूषागृहाचा वैद्यकीय कक्ष.

श्रीरंग तांबवेकर, वय सत्त्याऐंशी, न्यूमोनियाच्या ज्वराने दोन दिवस ग्लानीत होते. आणि त्यांना रुग्णालयात हलवू नये, असे 'निर्णायका'ने ठरवले होते. त्यांची कन्या सानिका हे मानायला तयार नव्हती.

"खाट रिकामी व्हायची घाई कुणाला आहे, डॉक्टर? तुम्हाला, की तुमच्या यंत्राला?"

डॉ. रेहान मुजावरांनी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. निर्णायक ही प्रणाली तोवर बहुतेक देशांतील शुश्रूषागृहांनी स्वीकारली होती. वृद्ध रुग्ण शुद्धीवर नसेल तेव्हा त्याच्या वतीने उपचार पत्करणे वा नाकारणे, हे तिचे काम. त्यासाठी ती रुग्णाचे आधीचे वर्तन वाचत असे : कोणती गोळी बाजूला सारली, कोणता घास नाकारला, सुई पाहून हात मागे घेतला काय. नकारांची बेरीज मर्यादेपलीकडे गेली, की रुग्णाला आता केवळ वेदनाशमन हवे आहे, असा निष्कर्ष ती काढी. ही मर्यादा देशागणिक निराळी होती.

डॉक्टरांनी तोच ज्वर आणि तीच फुफ्फुसे अन्य देशांच्या तक्त्यांवर चालवून दाखवली. अमेरिकेचा तक्ता म्हणाला, तत्काळ रुग्णालय. जपानचा म्हणाला, येथेच ठेवा, अन्न नळीने द्या. नेदरलँड्सचा म्हणाला, येथेच ठेवा, वेदना शमवा.

"आणि आपला?"

"आपला अजून तयार नाही. तिथल्यासारखा इथेही गृहाचा स्वतःचा डॉक्टर असतो, म्हणून सरकारने नेदरलँड्सचाच घेतला."

"मग खरं शास्त्र कोणत्या देशाचं?"

"शास्त्र एकच आहे, सानिकाताई. माणसाच्या नकाराला किती वजन द्यायचं, तेवढं बदलतं."

"दाखवा मला बाबांचे नकार."

दोन महिन्यांत दोनशे चौदा. त्यांतले बहुतेक जेवणाच्या वेळचे : ताटावर आडवा धरलेला हात. एकदा नकार मिळाला की पुन्हा विचारू नये, असा गृहाचा नियमच होता.

सानिका उसळली. "अहो, पंगतीत हात आडवा धरल्याशिवाय या माणसाने जन्मात जिलबी खाल्लेली नाही! वाढपी तेवढ्यावर पुढे सरकला, तर आठ दिवस त्या घराचं नाव काढायचे नाहीत. आणि तुमच्या मावश्या खरंच पुढे सरकल्या?"

मुजावर स्वतः साताऱ्याचे. ते खजील झाले. त्यांनी प्रणालीत एक नवी राशी घातली आणि तिला 'आग्रहांक' म्हटले : रुग्णाचे लागोपाठ किती नकार शिष्टाचार समजून सोडून द्यावेत, तो आकडा. तो कुटुंबाने द्यायचा होता. सानिकाने तीन सांगितला. पाचव्या मिनिटाला निर्णायकाने रुग्णवाहिका बोलावली.

श्रीरंगराव वाचले आणि परतले. परंतु प्रणाली शिकत होती. आग्रहानंतर रुग्णाने मान तुकवली, की आधीचा नकार वरवरचा होता, असे ती नोंदवी आणि आकडा वाढवी. थकलेला माणूस कधी ना कधी मान तुकवतोच, हे तिला कुणी सांगितले नव्हते. जानेवारीत आग्रहांक एकोणीस झाला. सुई, नळी, व्यायाम, पुन्हा सुई.

"एकोणीस?" सानिकाच्या मनात आता उलटाच संशय शिरला. "म्हणजे ते एकोणीस वेळा नको म्हणतात..."

"आणि विसावा नकार मोजला जातो. तिथवर ते कधी पोचत नाहीत."

"कमी करा."

"करतो. पण मग जुने नकार पुन्हा मोजणीत येतील, आणि पुढच्या तापाला त्यांना इथून हलवता येणार नाही. आकडा तुम्ही सांगा."

सानिका वडिलांच्या खाटेपाशी गेली. आता ते पूर्ण शुद्धीवर होते.

"बाबा, तापाआधी ताटावर हात धरत होतात, तो नेहमीसारखाच ना? मीच वाढायला हवं होतं ना?"

श्रीरंगरावांनी तिला खाटेवर बसवून घेतले.

"नाही गं. तुझी आई गेल्यावर मला कुणाच्या आग्रहाची हौस उरली नव्हती. त्या वेळी यंत्राचं बरोबर होतं."