ब्रेकवरचा पाय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरात मी ही गोष्ट अजून कुणाला नीट सांगितलेली नाही. आईला एवढंच माहीत आहे की भंडारदऱ्याच्या वाटेवर आमच्या ट्रेलरचे दिवे गेले होते आणि यायला उशीर झाला.

मी डोळे तपासते. आमच्या संस्थेची एक जीप आहे आणि तिच्यामागे जोडायचा बंद पत्र्याचा ट्रेलर, खोलीएवढा. त्यात तपासणीची यंत्रं आणि चष्म्यांचे खोके असतात. दर गुरुवारी अकोले तालुक्यातल्या एखाद्या गावात शिबिर. गाडीवर गहिनीनाथभाऊ. ते मूळचे पाथर्डीकडचे, वय पंचावन्नच्या पुढे. उमेदीची वीस वर्षं कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेलेली. मागे काही जोडलेलं असलं की त्यांना त्याची नस न् नस कळायची.

त्या दिवशी धरणाच्या पलीकडच्या वाडीत शिबिर होतं. श्रावण संपत आलेला. सदतीस म्हातारी माणसं तपासून आम्ही चारच्या सुमारास निघालो. वाडीतून वर येईपर्यंत उजेड होता. पहिलं वळण संपलं आणि धुक्यात शिरलो. तिकडचं धुकं तुम्ही पाहिलंय का? अंगावर येतं ते. गाडीचं बॉनेट दिसेना. भाऊंनी सगळे दिवे लावले आणि माणसाच्या चालीनं गाडी घेतली.

चढावर असताना मागून कर्कश हॉर्न आला आणि दुधाचा एक टेम्पो आमच्या आरशाला घासून पुढे गेला. जाता जाता ड्रायव्हर ओरडला, "मागं लाईट न्हाई तुमच्या! मरायचंय का?"

भाऊंनी इंडिकेटर टाकला. तो नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं टिकटिकायला लागला. "गेली," ते म्हणाले. "ट्रेलरची लाईन गेली. ताई, असं पुढं न्हाई जाता यायचं. जीपचे दिवे ट्रेलरच्या आड जात्यात. मागून येनाऱ्याला आपन दिसतच न्हाई."

रस्त्याच्या कडेला जरा रुंद जागा होती, तिथे गाडी घेतली. पण चढ होताच. हँडब्रेकची तार सैल झाली होती, आणि बॅटरी अशी की इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. भाऊ उतरले, मी सरकून स्टिअरिंगवर बसले आणि ब्रेकवर पाय ठेवला. मला गाडी येते, पण ट्रेलर जोडलेली मी कधी चालवलेली नव्हती.

भाऊंनी आधी डॅशबोर्डखालचे फ्यूज पाहिले. ते ठीक होते. मग मागे जाऊन ट्रेलरचा प्लग काढला, पिना खरवडल्या, पुन्हा बसवला. तरी काही नाही. ते काचेशी आले.

"आता ब्रेकची लाईट बघू. मी मागून सांगतो. दाबा म्हनलं की दाबायचा, सोडा म्हनलं की सोडायचा. हँडब्रेक वढलेला हाय, आन् मी चाकाला दगड लावतो."

ते धुक्यात गेले. चार पावलांत दिसेनासे झाले. मी काच बोटभर खाली ठेवली होती. त्या फटीतून गारठा येत होता, आणि जळक्या रबराचा वास. त्याखाली आणखी एक वास होता, ओल्या घोंगडीचा.

"दाबा," मागून आवाज आला.

मी दाबला.

"सोडा."

मी सोडला. गाडी टीचभर मागे सरकली आणि थांबली.

"दाबा... सोडा... दाबा... सोडा..."

सहा-सात वेळा झालं असेल. दर वेळी गाडी थोडी मागे जात होती. मला वाटलं, त्यांनी दगड लावलेत, ते बघतीलच. एवढ्यात डाव्या बाजूच्या काचेवर टकटक झालं. गहिनीनाथभाऊ. हातात दोन दगड.

"ताई, गाडी कशापाय हालवताय? आजून दगड लावले न्हाईत मी. पुढं शोधत हुतो."

"तुम्हीच सांगत होतात ना... दाबा, सोडा..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे धुक्याकडे. 

"मी तोंडातून सबुद काढला न्हाई," ते हळू म्हणाले.

"पण आवाज तुमचाच होता भाऊ..."

"आसंल एखादा गुराखी. गंमत करीत आसंल."

पण ते स्वतःशीच बोलल्यासारखं होतं. मी म्हटलं, जाऊ या, हळूहळू जाऊ. तेवढ्यात बाजूनं एक मोठी गाडी धडधडत गेली आणि जीप हलली. भाऊंनी नकारार्थी मान हलवली. पुढे अशी अकरा वळणं होती. मोबाईलला रेंज नव्हती. मागे वळायला जागा नव्हती. थांबावं तर मागून येणाऱ्याला आम्ही दिसत नव्हतो, निघावं तरी तेच.

"दहा मिन्टांचं काम हाय," ते म्हणाले. "अर्थिंगची वायर तुटली आसंल. मला ट्रेलरखाली जावं लागंल. दगड बसवतो, पन चिखूल लई झालाय, त्यांच्यावर भरवसा न्हाई. ताई, नीट ऐका. मी आता हाक मारनार न्हाई. काम झालं की हितं काचेपाशी येईन. माझं तोंड दिसल्याबिगर पाय काढायचा न्हाई. काय बी ऐकू आलं तरी."

मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले.

ट्रेलरखाली ते शिरल्याचं मला कळलं. पत्र्याला पाना लागल्याचा आवाज आला, मग त्यांचा खोकला. मग इंजिनाच्या घरघरीशिवाय काही नाही. आरशात नुसता पांढरा रंग. किती वेळ गेला, सांगता येत नाही.

"झालं ताई. सोडा."

मी हलले नाही.

"सोडा की. लागली लाईट."

आरशात काहीच लागलेलं नव्हतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. उत्तर दिलं तर काहीतरी होईल असं वाटत होतं. काय होईल ते ठाऊक नव्हतं.

मग आवाज जवळ आला. ट्रेलरच्या मागून आला होता, आता ट्रेलरच्या आतून आला. चष्म्यांचे खोके ठेवतो तिथून. "ताई... सोडा..." मग माझ्या सीटच्या मागून. मी मान वळवली नाही. ओल्या घोंगडीचा वास आता गाडीत होता.

मग उजव्या काचेपाशी. अगदी फटीला तोंड लावल्यासारखा.

"आलो ताई. काढा आता पाय."

मी पाहिलं. काचेपलीकडे कुणी नव्हतं. पण काचेवर वाफ धरत होती आणि विरत होती... धरत होती आणि विरत होती. बाहेरच्या बाजूनं.

माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. जोर लावून लावून पोटऱ्यांत गोळे आले होते. पाय जरा ढिला पडला की गाडी मागे यायला बघायची आणि दगड चिखलात करकरायचे. त्या चाकामागे एक जिवंत माणूस पाठीवर पडलेला होता.

आणि मग मागून किंकाळी आली. भाऊंची.

"ताई! हात आडाकला! चाकाखाली हात गेला माझा... गाडी सोडा जरा, जराशी मागं येऊ द्या... आई गं... ताई, सोडा वो..."

इथे मी रडले. खोटं सांगत नाही. तो आवाज खोटा आहे हे मला कुणी सांगितलं होतं? खरंच हात अडकला असेल तर? माणूस ओरडतोय आणि मी त्याच्या हातावर गाडी दाबून बसलेय, असं असेल तर? दार उघडून बघावं तर पाय काढावा लागेल. पाय न काढता मला या जगात दुसरं काहीच करता येत नव्हतं. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला. तो ओरडत राहिला. नंतर कण्हायला लागला. मग माझ्या नावानं हाक मारली, "देवश्री..." भाऊंनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही.

डोळे उघडले तेव्हा आरसा लाल झाला होता. मागचं सगळं धुकं लाल.

काचेवर हात आला. चिखलानं भरलेला. त्यानं काच पुसली, आणि गहिनीनाथभाऊंचा चेहरा दिसला. तरी मी पाय काढेना.

"ताई, मी हाय."

"तुमच्या नातीचं नाव सांगा."

"ग्यानेश्वरी," ते म्हणाले. "सरका तिकडं. लवकर सरका."

त्यांनी दार उघडलं, एका हातानं स्टिअरिंग धरलं, माझ्या पायाशेजारी आपला पाय ब्रेकवर ठेवला. मगच मी माझे काढले. 

राजूरला एका हॉटेलात चहा घेतला.  भाऊंचे दोन्ही हात धड होते. मी म्हटलं, "तुम्ही ओरडत होतात..."

"मी?" ते म्हणाले. "न्हाई. तुमीच बोलत हुता की. सारखं."

"मी अवाक्षर काढलं नाही, भाऊ."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग मला कोन सांगत हुतं... आत सरका म्हनून? आजून आत, चाकामागं सरका, वायर तिथंच हाय. तुमचाच आवाज. मी म्हनलं, ताईला वरून कसं कळतंय? तरी सरकलो. खांदा पार चाकाला टेकला, तवा हाताला लागली."  "वायर तिथंच तुटली हुती, ताई. ते खोटं न्हाई बोललं."

पुढच्या बुधवारी आम्ही ट्रेलर अकोल्यात वायरिंगवाल्याकडे नेला. हर्षल नाव त्याचं. दुपारचं लख्ख ऊन होतं. तो खाली शिरला आणि तिथूनच विचारलं, "काका, जोड तुम्ही दोन केलेत का?"

"एकच," भाऊ म्हणाले. "काळ्या टेपचा."

"तो आहे, पण तो सुटलाय. पहिल्याच खड्ड्यात सुटला असणार. लाईट या दुसऱ्यावर चाललीय. चिंधीनं बांधलाय कुणीतरी. बाईमाणसाच्या लुगड्याचा काठ आहे, जुना." मग तो म्हणाला, "ओला आहे अजून, भिजल्या घोंगडीसारखा वास येतोय. आठवडाभर ट्रेलर कुठे पाण्यात होता का?"

ट्रेलर आठवडाभर संस्थेच्या शेडमध्ये कोरडा उभा होता. मी भाऊंकडे पाहिलं. ते पुढे वाकले, पण खाली गेले नाहीत.

"काढू का हा? नवीन वायर टाकून देतो."

"नको," भाऊ म्हणाले. "राहू दे. त्याला हात लावू नको."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. दर गुरुवारी ट्रेलर निघतो. निघण्याआधी भाऊ खाली शिरून एका बोटानं ती चिंधी चाचपतात, आणि ओलं बोट धोतराला पुसतात.