बाई, हात काढा

काम साधं होतं. नगरपालिकेतलं एक मशीन आमच्या ऑफिसात बसून, लांबूनच, कोरं करायचं. दुपारी जेवणं आटोपल्यावर दादा, म्हणजे माझे थोरले दीर आणि कंपनीचे मालक, माझ्या टेबलाशी आले.

"खिडकीवरच्या बाईंचं मशीन आज पुसून टाक. उद्या चौकशीवाले ते ताब्यात घेणार आहेत."

"मग उद्यापर्यंत राहू द्यायला नको का?"

दादा हसले. "नवीन आहेस अजून. घरातही आणि इथेही."

खरं होतं ते. सासर आणि नोकरी मला एकाच दारातून मिळाली होती, त्यामुळे मान खाली घालायची दोन्हीकडची सोय एकदमच झाली होती. नवरा सकाळीच म्हणाला होता, "दादा सांगतील तसं कर ना. उगाच कशाला?" त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'उगाच कशाला' असतं.

आमचा धंदा तुम्हाला सांगते. नगरपालिका, दवाखाने, दुकानं यांची कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. तक्रारीचा फोन आला की इथूनच त्यांच्या मशीनमध्ये शिरायचं आणि पहिलं वाक्य म्हणायचं, "माउसवरचा हात काढा." कारण एकाच बाणावर दोन हात पडले, की स्क्रीनवरचा तो बाण ताप चढल्यासारखा थरथरतो. सगळे निमूट हात काढतात. दाखल्यांच्या खिडकीवरच्या बाई काढायच्या नाहीत. मनगट दुखायचं त्यांचं, बाम चोळून कामाला बसायच्या. "तू कर गं बाळा, मी नुसता हात ठेवते. मशीन माझ्या नावावर आहे ना," म्हणायच्या. आमच्याकडे चहाच्या वेळी त्यांची नक्कल व्हायची.

मग एक दिवस नगरपालिकेचं सगळं कामकाज कुलूपबंद झालं. कुणीतरी मेलमधली विषारी फाइल उघडली होती. लोक दाखल्यांसाठी रांगा लावून रिकाम्या हाताने परतले. दादांनी अहवाल दिला, की फाइल खिडकीवरच्या बाईंच्या नावाने उघडली गेली. बाई निलंबित झाल्या. रस्त्यात लोक त्यांना तोंडावर बोलले. महिना व्हायच्या आत त्या गेल्या. हृदय बंद पडलं म्हणतात. ते कुणी बंद पाडलं, हे कुणी म्हणत नाही. त्यांची मुलगी अजून फोन करते. "माझ्या आईने उघडली नाही हो," एवढंच म्हणते. तिला ठरलेलं उत्तर वाचून दाखवायचं काम माझं.

तर मी मशीनमध्ये शिरले. पुसण्याची आज्ञा दिली. 'सगळं कायमचं पुसायचं? हो. नाही.' मी बाण 'हो'वर नेला.

बाण थरथरला.

मला वाटलं, लाइन खराब असेल. पुन्हा नेला. तो हळूच, पण ठामपणे 'नाही'कडे ओढला गेला. ती ओढ मला ओळखीची होती. पलीकडे कुणाचा तरी हात माउसवर होता.

मी नगरपालिकेतल्या शिपाईकाकांना फोन लावला. "काका, बाईंच्या मशीनवर कोण बसलंय?"

"कोण बसणार? खोलीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे."

"एकदा बघता?"

चपला वाजल्या. कुलूप खडखडलं. मग दार करकरलं.

"कुणी नाही, मॅडम."

"माउस हलतोय का?"

"माउस... माउस नाहीच इथे. तो बाईंची मुलगी मागून घेऊन गेली. म्हणाली, आईचा हात होता त्याच्यावर." काकांचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम... इथे बामाचा वास येतोय. आत्ता चोळल्यासारखा. मी... मी कुलूप लावतो."

फोन बंद झाला. आमच्या एसीच्या थंड, कोरड्या हवेत मलाही तो वास आला. तिखट, डोळ्यांत जाणारा.

मी तेव्हा जे केलं ते या ऑफिसात कुणी कुणासाठी केलं नव्हतं. मी माझा हात काढला.

बाण चालू लागला. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस जिना चढतं तसा, थांबत थांबत. एक कप्पा उघडला, त्यातला दुसरा. आम्ही कुणाच्या मशीनमध्ये शिरलो की त्याचं चित्रण त्याच मशीनवर राहतं. एका चित्रणावर येऊन बाण थांबला. मी हेडफोन लावले.

"साहेब, हा मेल मला बरा वाटत नाही, म्हणून तुम्हाला विचारलं." बाईंचा आवाज.

"बिल आहे ते, बाई. उघडून दाखवतो. हात काढा." दादांचा.

"नका उघडू साहेब."

"बाई, हात काढा! मला एवढं एकच काम नाही."

चित्रणातला बाण फाइलकडे जात होता आणि बाजूला ओढला जात होता. पुन्हा जात होता, पुन्हा ओढला जात होता. एक म्हातारं मनगट जिवाच्या आकांताने गावाची कामं वाचवत होतं, आणि आम्ही त्याच्या नकला करत होतो. मग क्लिक झाला. लांबून आम्ही केलेला क्लिक नोंदीत पलीकडच्याच माणसाच्या नावावर पडतो. हे मला ठाऊक होतं. दादांना तर होतंच.

भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण तिच्या डोक्यावर राग चढून बसला होता, आणि तो उतरायला तयार नव्हता. घरी काय होईल ते दिसत होतं. दादांचा आवाज, जावेचं वाकडं तोंड, नवऱ्याचं 'उगाच कशाला'. मी ते चित्रण चौकशी समितीच्या पत्त्यावर जोडलं आणि पाठवायला लावलं. फाइल मोठी होती. पट्टी सावकाश भरू लागली.

माझ्या स्क्रीनवरचा बाण हलला. या वेळी झटक्यात. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये शिरताना आम्ही परवानगी मागतो; दादा आमच्यात शिरताना मागत नाहीत. बाण 'रद्द करा'कडे धावला. मी माउस घट्ट धरला. तो थरथरला.

काचेपलीकडच्या खोलीतून दादांचा आवाज आला. "अगं, हात काढ."

मी पट्टीकडे बघत राहिले.

"हात काढ म्हणतो ना! घराचं वाटोळं करतेस?"

मी हात काढला. दोन्ही हात वर करून त्यांना काचेतून दाखवले. "काढलाय, दादा."

बाण जागचा हलला नाही. 'रद्द करा'च्या अलीकडे तसाच थरथरत राहिला, ओढून धरल्यासारखा. पट्टी भरली. 'पाठवले', अशी अक्षरं उमटली. बामाचा वास आता माझ्याजवळ नव्हता.

"दादा, झालं," मी म्हटलं. "आता तुम्ही हात काढा."

काचेपलीकडे दादा उभे राहिले होते. उजवा हात माउसवर तसाच होता. डाव्या हाताने ते स्वतःचं मनगट धरून ओढत होते, आणि हात निघत नव्हता.