आबांची फांदी

जिन्यात दोघं समोरासमोर आले तेव्हा दोघांच्याही हातात झाड होतं, आणि मागे हटायला कुणीच तयार नव्हतं.

बोन्साय प्रदर्शनाच्या हॉलची लिफ्ट ऐन वेळी रुसली होती. बाहेर पाऊस, जिना अरुंद, पायऱ्या ओल्या. ती वर चढत होती, कडेवर चिंच घेऊन. चिंच वीतभर उंचीची, पण वयाने तिच्याहून मोठी. तो खाली उतरत होता, छातीशी डाळिंब धरून.

"जरा मागे व्हा ना," ती म्हणाली.

"झालो असतो, पण उलटं चढताना पायरी दिसणार नाही. मी पडलो तर चालेल... हे पडून चालणार नाहीत."

"हे?"

"आबा." त्याने झाडाकडे मान कलवली. "वडिलांनी लावलं होतं. त्यांना सगळे आबा म्हणायचे, आता याला म्हणतात."

"माझी चिंच तुमच्या आबांपेक्षा थोरली दिसते. थोरल्यांना वाट द्यायची असते."

"चिंचेची मालकीण आहे, आंबट बोलणारच," असं म्हणत त्याने भिंतीला पाठ टेकवली आणि डाळिंब डोक्यावर उचललं. ती अंग चोरून वर सरकली. चार पायऱ्या वर गेल्यावर मागून आवाज आला, "तुमच्या केसात आबांचं पान अडकलंय. काढलं असतं — पण दोन्ही हात गुंतलेत."

"राहू दे," ती म्हणाली, आणि वर जाऊन आरशात बघेपर्यंत ते पान तिने काढलं नाही.

ती दातांची डॉक्टर. तो चष्मेवाला, तिच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान. तिच्या दवाखान्याला मागच्या बाजूने गॅलरी होती आणि तिथे सकाळचं कोवळं ऊन यायचं. आबांना तसलंच ऊन मानवतं, असं सांगून तो झाड आणून ठेवू लागला. सकाळी ठेवायला यायचा, दुपारी न्यायला. दोन्ही वेळा चहा व्हायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. 'डॉक्टर' मात्र तो तिला म्हणतच राहिला, आणि ते असं म्हणायचा की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

बोन्साय करणाऱ्या मंडळींचा एक नियम असतो. दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालावं, ऊन दाखवावं, तोंडभर कौतुक करावं. कात्री लावू नये. त्यांच्या मंडळातल्या एका काकांनी भाच्याच्या झाडाची डहाळी बोलता बोलता खुडली होती, तेव्हापासून त्या दोन घरांचं येणंजाणं बंद आहे. माणसं पोटच्या पोराला दुसऱ्याच्या हाती देतील, पण झाडाची कात्री देणार नाहीत.

आबांची सगळ्यात खालची फांदी मंडळात बदनाम होती. ती बाजूला जायची सोडून सरळ बघणाऱ्याच्या अंगावर यायची. शेवटच्या आजारपणात वडिलांनी थरथरत्या हातांनी तिला वळण द्यायला तार गुंडाळली होती. फांदी भलतीकडेच वळली. पुढे तार निघाली, वळण राहिलं. काप, काप, म्हणून सगळे मागे लागायचे. तो हसून म्हणायचा, "बाकीचं झाड माझं. ही फांदी तेवढी आबांची."

मग दुसऱ्या शहरात त्याच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. झाड दवाखान्याच्या गॅलरीत ठेवून तो निघाला. दारापर्यंत गेला आणि परत आला.

"डॉक्टर... कात्री नाही ना लावणार?"

"मी काय वेडी आहे?"

"वचन दे."

"दिलं," ती म्हणाली. त्याने तिचा हात हातात घेतला, तो निरोपाला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ धरला, आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी कुंडीतल्या शेवाळावर तिला पिवळट भुसा दिसला. चिमूटभर. भुसा म्हणजे कीड, आणि कीड म्हणजे आतून पोखरणं. भिंगातून बघितलं तर भोक सापडलं, नेमकं आबांच्या फांदीवर. तिने बारीक सुईने आत औषध सोडलं आणि दातात भरायच्या सिमेंटने भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुसा. आता दुसरं भोक दिसत होतं, खोडाच्या आणखी जवळ. तिने फोन लावला.

"आबांच्या फांदीत कीड आहे," ती म्हणाली. "औषध घातलंय, पण आजही भुसा पडला. खोडात शिरली तर झाड हातचं जाईल."

पलीकडे स्ट्रेचरची चाकं खडखडत होती.

"मी परवा येतोय. तोवर हात लावू नकोस."

"परवापर्यंत जर—"

"डॉक्टर, येतोय म्हटलं ना."

'डॉक्टर' हा रोजचाच शब्द, पण आज तो परक्या माणसासारखा म्हणाला. फोन बंद झाला.

'परवा बघू' म्हणणारे पेशंट तिने आयुष्यभर पाहिले होते. परवा ते गाल सुजवून येतात आणि तोवर दात गेलेला असतो. दुपारी दवाखाना बंद झाला तेव्हा तिने झाड आत आणलं आणि हत्यारांच्या ट्रेवर ठेवलं. कुंडीत पुन्हा भुशाचे चार कण पडलेले. अक्कलदाढा उपटणाऱ्या हाताने तिने बारकी करवत उचलली. फांदी कापली.

कापलेली जागा पांढरीशुभ्र होती. कडेने हिरवी रेघ, ओलसर, ताजी. किडीचा मागमूस नाही. तिने फांदी उभी चिरली. मधोमध अळी पडलेली होती, औषधात भिजून केव्हाच मेलेली. नवा म्हणून जो भुसा ती बघत होती तो जुनाच होता, आधीच पडलेल्या त्या दुसऱ्या भोकातून गळत राहिलेला.

ती स्टुलावर बसली.

दवाखान्यात मदतीला असणाऱ्या ताई दारात येऊन सगळं बघत होत्या. "फेकून द्या ती फांदी," त्या हळूच म्हणाल्या. "कीड खोडापर्यंत आली होती म्हणायचं. कोण तपासायला बसलंय? उलट उपकारच मानतील तुमचे."

हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि दोन दिवस चांगला ठाण मांडून बसला. रात्री तो विचार अगदी शहाणा वाटायचा, सकाळी तोंड धुताना लाज वाटायची.

तो आला तेव्हा पाऊस होता. खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता तो सरळ गॅलरीत गेला आणि झाडापुढे थांबला.

"गेली?"

"कापली. मी."

"खोडापर्यंत आली होती का?"

तयार उत्तर त्यानेच हातात ठेवलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. फांदीचे दोन्ही भाग तिने त्याच्यापुढे ठेवले. "औषधाने आधीच मेली होती. मी थांबले असते तर फांदी राहिली असती. तू थांब म्हणाला होतास."

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि ते तुकडे डोळ्यांजवळ धरून बघितले.

"वचन दिलं होतंस."

"हो."

त्याने तुकडे खिशात घातले, झाडावर आपला रेनकोट पांघरला आणि ते छातीशी धरून स्वतः भिजत निघून गेला.

त्यानंतर तिने पाठवलेला प्रत्येक मेसेज वाचला जात होता. उत्तर मात्र एकाचंही येत नव्हतं. सकाळी गॅलरीत ऊन यायचं ते फुकट जायचं. एका आजोबांचा वरचा दात दुखत होता, तिने खालचा तपासला. ताई सारखा चहा करून आणत होत्या, आणि तो तसाच गार होत होता.

मग एका संध्याकाळी ताई घाईघाईने आत आल्या. "बाहेर चष्मेवाले बसलेत. पेशंट म्हणून. रीतसर नंबर लावलाय."

आधी तिला दोन पेशंट बघायचे होते. कसे बघितले ते तिचं तिलाच माहीत. तो आत आला आणि खुर्चीत आडवा झाला.

"कुठला दात?" तिने दिवा ओढत विचारलं.

"कुठलाच नाही. पण तोंड मोकळं राहिलं की मी भांडणार. मला भांडायचं नाहीये, ऐकायचंय. तेव्हा... तोंडात काहीतरी घाल."

त्याने आ केला. तिने आरसा घातला. दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे लाल दिसत होते, झोप नसल्यासारखे.

"झाड वाचवायला कापली, असं मी स्वतःलाच सांगत होते," ती म्हणाली. "ते अर्धंच खरं आहे. झाड गेलं तर तू इथे कशाला येशील — ही भीती होती मला. आबांना ऊन हवं होतं म्हणून तू येत होतास. मला तू हवा होतास. म्हणून घाई केली, आणि तुझ्या वडिलांचं जे उरलं होतं तेच कापून बसले. माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे असं, आरसा धरून सांगायचं नव्हतं."

त्याच्या घशातून काहीतरी आवाज आला.

"बोलू नकोस, लागेल," ती म्हणाली.

त्याने तिचं मनगट धरलं आणि आरसा स्वतःच बाहेर काढला.

"माझ्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं," तो म्हणाला. "कोवळं, कडक, हवं तसलं."

त्याने आरसा ट्रेवर ठेवला.

"राग गेलेला नाही माझा," तो उठून बसत म्हणाला. "लगेच जाणारही नाही. आबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. सगळ्यांचं बघायचं होतं, राहूनच गेलं. परवा ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसलो आणि सुरू झालं... थांबेचना. वाटलं, कुणीतरी जवळ हवं. कुणीतरी कसलं, एकच माणूस हवं होतं, आणि नेमकी त्याच माणसाने फांदी कापलेली. आता सांग, मी कुणाकडे जायचं होतं?"

तिने हातमोजे काढले. त्याच्याजवळ गेली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. त्याचे खांदे आधी ताठ होते, मग हलायला लागले. दारावर टकटक झाली.

"पुढच्यांना पाठवू का?" ताईंनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "यांना वेळ लागणार आहे."