पाण्याच्या नळीवरचे नाव

वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे उलटल्यावर असत्य सांगून मला काय साधायचे आहे? लिहितो आहे ते माझ्यादेखत घडले.

रात्र नव्हती. गुरुवारची दुपार होती. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, मी धाकट्या भावाचा हात हातात घेऊन बसलो होतो.

आम्ही त्याला बाळ म्हणतो. सत्तरीतही बाळच.

जमीन मोजण्याचे काम त्याने जन्मभर केले. निवृत्तीनंतरही पायांची सवय सुटेना. उंच गवतात त्याला गोचीड चावली आणि तीन आठवड्यांनी ताप भरला. गोचिडीमुळे रक्तात परजीवी शिरले असावेत, असा डॉक्टरांचा तर्क होता. पण सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसेना. औषध जहाल, बाळचे हृदय दुबळे. पुराव्यावाचून ते देता येत नव्हते.

पुरावा शोधणारी माझीच मुलगी. रस्त्यापलीकडच्या प्रयोगशाळेत ती रक्तातला परजीवीचा अंश यंत्रात वाढवून पाहते. नळ्या तापतात, निवतात; अशा चाळीस फेऱ्या. प्रत्येक फेरीला एकाचे दोन, दोनाचे चार. अंश असला तर पडद्यावर रेघ चढते. सोबत एका नळीत नुसते शुद्ध पाणी असते. तिची रेघ सपाटच राहायला हवी. ती चढली, तर सारी तपासणी रद्द.

त्या नळीवर कोणाचेही नाव घालायचे नसते.

रक्त देताना बाळने हे ऐकले मात्र...

"सगळ्यांना नाव, आणि त्या बिचाऱ्या पाण्यालाच नाही? माझं दे की! म्हातारपणी जुळा भाऊ तरी मिळेल."

"काका, गप्प बसा हो जरा!" मुलगी हसली.

आणि काकाचे मन राखायला तिने ते लिहिले.

बुधवारी बाळच्या रक्ताची रेघ सपाट राहिली.

पाण्याची चढली.

तपासणी रद्द झाली. मुलीने पाणी बदलले, हातमोजे बदलले, टेबल तीनदा पुसले. नव्या नळीवर नाव मात्र पुन्हा घातले. आजारी माणसाला दिलेला शब्द, म्हणून.

गुरुवारी, तीनच्या सुमारास, बाळचा तळवा तापला.

मग निवला.

पुन्हा तापला...

"दादा, कुणीतरी मला उकळतंय रे... परत गार करतंय."

"ताप आहे तो. पडून राहा."

परंतु दोहोंमधले अंतर नेमके होते. संस्कृतचे छंद शिकवण्यात माझे आयुष्य गेले. मात्रा आपोआप मोजल्या जातात. चोविसाव्या फेरीला मात्र मला राहवले नाही. मी मुलीला फोन लावला.

"यंत्र कितव्या फेरीवर आहे?"

"चोवीस. का हो बाबा?"



"आणि पाण्याची नळी?"



"चढतेय, बाबा. मी... मी तिच्यावर काकांचं नाव घातलंय."

"बंद कर! आधी बंद कर ते!"

तिने बंद केले. यंत्र थांबले की नळी निवणारच, एवढी साधी गोष्ट मला त्या क्षणी सुचली नाही.

बाळचा हात निवला.

मी वाट पाहिली. दोन्ही हातांनी चोळत राहिलो...

तो पुन्हा तापला नाही.

हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. दुसरे काय सांगणार होतो त्यांना?

याला वर्ष झाले. ती नळी मुलीने जपून ठेवली आहे; प्रयोगशाळेच्या शीतपेटीत, उणे ऐंशी अंशांवर. फेकून देण्यास तिचा हात धजत नाही. उरलेल्या सोळा फेऱ्या पूर्ण कर, असे सांगण्यास माझी जीभ रेटत नाही. दर गुरुवारी ती विचारते, "बाबा, काय करू?"

बाळला लहानपणापासून थंडी सोसत नाही.