राहून गेलेला वार

ती आली होती दादाला त्याचा विसरलेला चष्मा द्यायला, आणि सापडली लढाईत!

रविवारची दुपार. दादाच्या जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद, त्यावर बोटाएवढे योद्धे, आणि वहिनीला नेमका माहेरून फोन आलेला. "बस गं तिच्या जागी," दादा म्हणाला. खेळाचा सूत्रधार तो. गोष्ट त्याची, राक्षस त्याचे. बाकीच्यांनी आपापला वीर सांभाळायचा. समोर दादाचा मित्र बसला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा... आणि हसला की गालाला खळी पडणारा.

"तू काय करतेस?" त्यानं विचारलं.

"कवळ्या. डेंटल लॅबमध्ये."

"वा! म्हणजे राक्षसाचे दात पाडून नवे बसवूनही देशील."

ती हसली. तिथेच घोळ झाला.

"हे बघ, कवळीबाई," तो खुर्ची जवळ ओढत म्हणाला, "आधी फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याचा टर्न आधी. आपल्या टर्नला एकदा सरकायचं, एकदा वार करायचा."

"आणि दुसऱ्याच्या टर्नला? हाताची घडी, तोंडावर बोट?"

"एक सवलत आहे. तुझ्या शेजारचा पाठ फिरवून निघाला, तर जाता जाता तुला एक वार मिळतो. तो चुकवायचा असेल तर त्यानं सावध माघार घ्यायची. पण त्यात त्याचा सगळा टर्न जातो."

पुढेही तो काहीतरी सांगत होता. पण तिचं लक्ष नियमांत होतं कुठे? ती त्याच्या नखांत अडकलेलं ग्रीस बघत होती.

मग दर रविवारी ती हजर. वहिनीला एकाएकी पाठदुखी जडली आणि तिची खुर्ची कायमची रिकामी झाली. वहिनी शहाणी होती. आठ महिने दोघं शेजारी शेजारी लढले. बोलले मात्र सगळं राक्षसांबद्दल.

आणि मग त्याला परदेशात चार वर्षांची नोकरी चालून आली. हो की नाही, ते रविवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं होतं. "काय करू?" त्यानं जिन्यात विचारलं होतं. "तुला हवं ते कर," ती म्हणाली होती.

त्या रविवारी दादाच्या चेटकिणीनं त्याच्या वीराला भारून आपल्या बाजूला ओढलं. आता त्याला तिच्या वीराच्या शेजारून निघून, किल्ला सोडून जायचं होतं. कसं, ते त्यानं ठरवायचं. साडेपाच वाजले होते. सावध माघार घेतली असती तर प्रश्नच नव्हता. पण त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि आपला वीर सरळ पाठ फिरवून दाराकडे सरकवला.

"अगं, तुला वार आहे!" दादा ओरडला.

तिनं फासा उचलला... त्याच्या वीरात जेमतेम तीन पॉइंटांचा जीव उरला होता.

"नाही करत," ती म्हणाली. "जाऊ दे त्याला."

तो घड्याळाकडे बघत राहिला. थोड्या वेळानं फोन घेऊन गॅलरीत गेला आणि होकार कळवून आला.

निघताना जिन्यात ती त्याच्यामागे धावली. "असा कसा रे पाठ फिरवून निघालास? नियम तर तूच शिकवलेस!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "वार करणाऱ्याला नुसतं अडवताही येतं. मारलंच पाहिजे असं नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी ऐकलंच नव्हतं. मी... तुझ्याकडे बघत होते."

"आज अडवलं असतंस, तर मी नकार कळवला असता गं."

"मग तोंडानं सांगायचंस ना, गाढवा! प्रेम सांगायला फासे कशाला लागतात?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

ती कठड्याला टेकून रडली, अगदी मनसोक्त. त्यानं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला.

"चार वर्षं..." तो घुटमळत म्हणाला, "तू माझी वाट—"

"विचारू नकोस." तिनं त्याचा हात हळूच बाजूला केला. "तू विचारलंस, तर मी हो म्हणून बसेन."

ती वाट बघत राहिली, त्यानं तरीही विचारावं म्हणून. पण तो फार सरळ माणूस होता. त्यानं विचारलं नाही.