शिमेवरच्या वहाणा

पटणार नाही, ठाऊक आहे. पण शिरगावच्या बाजूला जाऊन विचारा, जुनी माणसं आजही शपथेवर सांगतील. साल १९८९. अमावास्येची रात्र.

शिवदास मूळचा निपाणीचा. इथल्या एका खाणीवर रात्रीचा वॉचमन. हातात दंडुका, गळ्यात शिटी, एवढाच काय तो रुबाब!

त्या रात्री त्याची पोर तापाने फणफणली होती. भाग्यलक्ष्मी, तीन वर्षांची. ट्रकवाल्या बाबलीने डिचोलीहून औषध आणून दिलं. नोकरी गेली खड्ड्यात, म्हणत शिवदास बाटली खिशात घालून घराकडे पळत सुटला.

वाटेत चप्पल तुटली. पायाखाली सगळी टोकदार खडी.

शिमेवरच्या, म्हणजे गावाच्या हद्दीवरच्या वडाखाली कोऱ्या वहाणा ठेवलेल्या होत्या. शेजारी घोंगडी आणि विडी.

बाबलीने मागेच बजावलं होतं, "त्यो व्हाणो राखणदार देवाच्यो. रातभर गावाची शीम तोच राखता. हात लावू नको हां!"

पण घरी पोर जळत होती. शिवदासने वहाणा पायात सरकवल्या.

पळाला. जीव खाऊन पळाला.

समोर... तोच वड.

परत पळाला. परत तोच वड. वहाणा वळतील तिकडे पाय वळत होते. शिमेशिमेने, गावाभोवती. रातकिडासुद्धा गप्प. ऐकू येत होती फक्त... करकर. करकर.

वहाणा काढायला वाकला.

निघेनात.

"देवा, पोर मरंल रं माझी! सोड मला!" त्याने हंबरडा फोडला. पाय काही थांबले नाहीत.

उजाडलं, तेव्हा वहाणा आपोआप गळून पडल्या. एका रात्रीत तळ झिजून भोकं पडली होती.

तो अनवाणी घरी धावला. आतून रडण्याचा आवाज नव्हता... त्याने दार ढकललं.

भाग्यलक्ष्मी चुलीपाशी बसून चहात पाव बुडवत होती.

"पहाटं ताप उतरला," बायको पद्मावती म्हणाली. तिचा चेहरा जागरणाने ओढला होता. "तुम्ही रातभर दारात बसला हुतासा, म्हणून धीर आला बघा. पर किती हाका मारल्या, वळूनबी बघितलं न्हाईसा. नुसती काठी आपटत हुतासा."

शिवदासने खिसा चाचपला. बाटलीचं बूचही उघडलेलं नव्हतं.

त्याच दिवशी त्याने शिमेवर नव्या वहाणा ठेवल्या, हात जोडले, रात्रपाळी कायमची सोडली.

पुढची अमावास्या आली. शिवदास घरातच, पोर मांडीवर.

अंगणात... ठक. ठक.

भाग्यलक्ष्मी त्याच्या मांडीवरून उठली आणि दाराकडे धावली.

"आई, दार उघड! बाबा आलं!"